उणे तीन हजार सहाशे नव्वद

६ मार्च, गुरुवार

मुलीस,

वर आशीर्वाद लिहायला घेतला होता, मग खोडला. खोडलेला वाचता येत असेल तर येऊ दे.

दीड वर्षानं बाप पत्र लिहितोय ते मायेपोटी नाही, हे आधीच सांगतो. फोन केला असता, पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तू ज्या बँकेच्या मुख्य कार्यालयात बसतेस, त्याच बँकेत माझं खातं आहे. मी काही हौसेनं उघडलेलं नाही. डेपो सगळ्या ड्रायव्हरांचा, कंडक्टरांचा, बस धुणाऱ्यांचा पगार तिथंच टाकतो. परवा मंगळवारी सकाळी मी दूध घ्यायला गेलो आणि दुकानदारानं मशीनवर माझं कार्ड तीनदा घासलं. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, नंतर द्या." मागे पाच माणसं उभी होती. त्यातले दोघे रोज माझ्या बसनं जातात. एकतीस वर्षं मी या भागात गाडी चालवतोय, उधारीचं दूध कधी घेतलं नव्हतं. ते परवा घेतलं.

डेपोतल्या बँकेच्या मशीनवर पासबुक भरून आणलं. शिल्लक: उणे तीन हजार सहाशे नव्वद.

आता नीट वाच, तुझाच विषय आहे. सोमवारी सकाळी खात्यात नऊ हजार दोनशे होते. माझ्या डायरीत लिहिलेलं आहे. सात वाजता तुझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, दोनशे चाळीस. मग मोबाइलचे साडेतीनशे. दुपारी किराणा, सहाशे. चार वाजता विजेचं बिल, नऊशे. आणि संध्याकाळी घरभाडं आपोआप गेलं, आठ हजार आठशे. शेवटच्या भाड्याला पैसे कमी पडले, मान्य आहे. एक तारीख शनिवारी आली होती, पगार सोमवारी पडेल असं मी धरलं आणि तो मंगळवारी दुपारी पडला. चूक माझी. एकदा खातं उणे झालं, एकदा दंड लावा. पाचशे तर पाचशे.

पण दंड लागला चार वेळा. गोळ्यांवर पाचशे, मोबाइलवर पाचशे, किराण्यावर, विजेवर. ज्या गोळ्या मी सकाळी सातला खात्यात पैसे असताना घेतल्या, त्यांच्यावर दंड. आणि ज्या भाड्यानं खातं खरोखर बुडवलं, त्याच्यावर काही नाही. दोनशे चाळीसच्या गोळ्या मला सातशे चाळीसला पडल्या. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती गोळ्या अर्ध्या करून खायला लागेल.

पैसे मुळात कमी का पडले ते विचारू नकोस. एक खर्च मध्येच निघाला होता.

तू शिकलेली आहेस. हे कसं होतं ते मला चार ओळींत कळव. जास्त लिहायची गरज नाही.

बाबा


१४ मार्च, शुक्रवार

मुलीस,

तू उत्तर पाठवलं नाहीस. आता पाठवू नकोस, मला कळलं.

मंगळवारी सुट्टी टाकून शाखेत गेलो. टोकन घेतलं, दीड तास बसलो. काउंटरला एक चष्मेवाला क्लार्क होता, तुझ्याच वयाचा असेल. मी पासबुक आणि डायरी दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. आधी तो पाठ केलेलं बोलला, की ग्राहकानं खात्यात पुरेशी शिल्लक राखणं अपेक्षित आहे. मी म्हटलं, मी राखली होती, चार वाजेपर्यंत राखली होती, हे बघा. त्यानं डायरी बघितली. मग इकडेतिकडे बघून संगणकाचा पडदा माझ्या बाजूला वळवला.

म्हणाला, "काका, तुम्ही दिवसभरात कधी काय खर्च केला ते इथं कुणी बघत नाही. रात्री सगळे एकत्र करतात आणि मोठा आकडा आधी वळता करतात. तुमचं भाडं सगळ्यात मोठं, ते पहिलं गेलं. खात्यात चारशे उरले. मग उरलेले चारही उण्यात. चार उणे, चार दंड."

मी विचारलं, हे असंच आहे का पहिल्यापासून? तो म्हणाला, नाही, तीन वर्षांपूर्वी बदललं. वरून आलं. मुख्य कार्यालयातून.

मी त्या काउंटरपाशी उभाच राहिलो. मागच्या बाईनं दोनदा "झालं का?" विचारलं. मला पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्याचंही आठवत नाही, कारण मी तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात होतो, तीन वर्षांपूर्वीच्या रविवारी. तू बढती मिळाली म्हणून आली होतीस. आईनं विचारलं, काय केलंस एवढं, आणि तू जेवता जेवता म्हणालीस, "काहीच नाही गं, नुसता क्रम बदलला. आकडे तेच, माणसं तीच. फक्त कुठला आधी आणि कुठला नंतर. त्यावर बँकेला एवढं मिळालं की साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले." मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं की ड्रायव्हरच्या पोरीच्या टेबलाशी साहेब चालत आला.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत केक नेला होता. तीन किलोचा. आठवतंय? तुला फोटोही पाठवला होता. बेचाळीस माणसांनी खाल्ला. बस धुणाऱ्या मावशींनी दोन तुकडे घेतले, एक घरी न्यायला. काल मी डेपोत सगळ्यांना पासबुकं भरून आणायला सांगितली. आत्तापर्यंत एकोणीस आली आहेत. त्या एकोणीस जणांनी मिळून तीन वर्षांत किती दंड भरलाय त्याची बेरीज मी दोनदा केली आणि मग डायरी मिटली. ज्यांच्याकडून काढायचं होतं त्यांनाच मी आधी तोंड गोड करायला बोलावलं.

तुला माहीत होतं की आमचे सगळ्यांचे पगार त्या बँकेत पडतात. लहानपणी एक तारखेला माझ्याबरोबर रांगेत उभी राहायचीस तू. रांगेतल्या सगळ्यांना काका-मावशी म्हणायचीस.

मला आणखी लिहिवत नाही. जे लिहावंसं वाटतंय ते मुलीला लिहिण्यासारखं नाही.

बाबा


२७ मार्च, गुरुवार

मुलीस,

तुझं पत्र मिळालं. आतला धनादेश याच पाकिटातून परत पाठवतोय. फाडणार होतो, पण मग तू म्हणशील रागात फाडला. रागात नाही, विचार करून परत करतोय. मला माझे दोन हजार तुझ्याकडून नकोत. मी तुझ्याकडे मागितलेच नव्हते.

तुझे मुद्दे मी तीनदा वाचले. एक, हे कायद्यात बसतं. दोन, खातं उघडताना सही केली त्या करारात एकोणिसाव्या पानावर लिहिलेलं आहे. तीन, घरभाडं, हप्ता असे मोठे खर्च माणसाला जास्त महत्त्वाचे, म्हणून ते आधी गेलेले ग्राहकाच्याच भल्याचे.

तिसरा मुद्दा वाचून मला वाटलं, पोरगी हुशार आहे, यात वाद नाही. पण एक सांग. भाड्यासाठी कमी पडलेले पैसे तर तुम्ही तसेही दिले असते, पाचशे लावून. उणे झालं तरी तुम्ही कुठलंच काही परत पाठवलं नाहीत. गोळ्याही दिल्या, वीजही दिली. सगळंच जाणार होतं. मग आधी काय आणि नंतर काय, यानं माझ्या भल्याचं काय झालं? फक्त एकाचे चार दंड झाले. मी बारावी नापास माणूस आहे आणि मला हे डेपोच्या बाकावर बसून कळलं. तुला मुख्य कार्यालयात बसून कळलं नसेल असं मला सांगू नकोस.

दुसऱ्या पानावर तू त्या दिवसाचं लिहिलंस, दीड वर्षापूर्वीचं. तुम्ही दोघं तुमच्या नव्या घराजवळ आमच्यासाठी दोन खोल्या बघून आला होतात. तू म्हणालीस, "मला तुमच्या बसची लाज वाटते असं नाही, पण..." आणि मी ताटावरून उठलो. तू लिहितेस की वाक्य पुरं झालंच नव्हतं. पुढे तू म्हणणार होतीस, पण या वयात पहाटे चारला उठून तुम्ही गाडी काढू नये. बरं. तसं असेल. मी अर्ध्यात उठलो हे खरं. त्यानंतर जावयाच्या फोनलाही उत्तर दिलं नाही, हेही खरं. त्याचा दोष मी घेतो. पण त्याची यात मिसळामिसळ नको. ते आपलं घरातलं होतं. हे एकोणीस घरांचं आहे. आता एकतीस झाली आहेत.

तुझ्या आईनं परवा मला पत्र लिहिताना बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही बँकेवर रागावलाय की तिच्यावर, ते आधी ठरवा, मग पेन उचला." मी म्हटलं, दोन्हींवर. ती म्हणाली, मग दोन पत्रं लिहा. तुझी आई कधी कधी फार शहाण्यासारखं बोलते, आणि नेमकं तेव्हा मला ते ऐकवत नाही.

तिनंच मला एक सांगायला लावलंय. सांगितलं नाहीत तर मी फोनवर सांगेन, अशी धमकी दिली आहे. तेव्हा लिहितो. पैसे कमी पडले ते तिकिटामुळे. फेब्रुवारीत तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आई येऊन राहिली, मी आलो नाही. तिला सांगितलं की सुट्टी मिळत नाही. मग महिन्याच्या शेवटी मी डबल ड्यूटी आहे असं तिला सांगून एकटा आलो; तिकीट तिला नंतर माझ्या खिशात सापडलं. जायचं-यायचं तिकीट चोवीसशे. तुझ्या ऑफिससमोर फळवाल्याशेजारी दीड तास उभा होतो. तू साडेपाचला बाहेर आलीस. बरोबर तिघं-चौघं होते, कुणीतरी काहीतरी बोललं आणि तू मान मागे टाकून हसलीस. चांगली चालत होतीस. मी म्हटलं, बरी आहे. आणि परत गाडीत बसलो.

ते चोवीसशे खात्यात असते तर एकही दंड लागला नसता. मी हिशेब केलाय. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही लिहितोय.

बाबा


९ एप्रिल, बुधवार

मुलीस,

आज फक्त मावशींचं लिहितो, कारण ते तुला माहीत असायला हवं.

बस धुणाऱ्या मावशी तुला आठवत असतील. तू शाळेतून थेट डेपोत यायचीस तेव्हा त्या तुला त्यांच्या खोलीत बसवून अभ्यास करायला लावायच्या. त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नाही. त्यांना मी तीन आठवडे पासबुक मागत होतो आणि त्या उद्या आणते म्हणत होत्या. गेल्या शुक्रवारी मी पहाटेच्या पाळीला वीस मिनिटं लवकर गेलो. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत दिवा होता. दारातून दिसलं की बाकावर अंथरूण आहे, खिळ्याला दोन साड्या, खिडकीत साबण आणि फणी. मावशी आरशात बघून केस विंचरत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. म्हणाल्या, "साहेबांना सांगू नका. झाडून ठेवते मी रोज."

सात आठवडे त्या तिथं राहत होत्या. आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही. आम्ही म्हणायचो, मावशी हल्ली किती वेळेवर येतात.

पासबुक त्यांनी पिशवीतून काढून दिलं. तुला वाचून दाखवतो. नोव्हेंबरात त्यांचा दात काढला, त्या महिन्यात खातं पहिल्यांदा उण्यात गेलं, एका दिवसात तीन दंड. पंधराशे. डिसेंबरचा पगार पडला त्यातून आधी ते पंधराशे कापले. त्यामुळे डिसेंबरात पुन्हा कमी पडले, पुन्हा चार दंड. जानेवारीत पाच. त्यातला एक दंड अठ्ठावीसच्या चहापावडरीवर आहे. फेब्रुवारीत बँकेनं त्यांची उण्याची सोय बंद केली आणि खोलीच्या भाड्याचा चेक परत पाठवला. परत पाठवल्याचाही दंड लावला. घरमालकानं दहा दिवस वाट बघितली, म्हणजे तसा भला माणूस.

तू लिहिलं होतंस, भाडं महत्त्वाचं म्हणून मोठं आधी. मावशींचं भाडं तुमच्या दंडांनीच खाल्लं.

मावशींना मी हे समजावून सांगितलं, क्रमाचं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं मलाच हिशेब जमत नाही. मी लाजेनं कुणाला बोलले नाही." पाच महिने ही बाई स्वतःला मूर्ख समजत राहिली. तुझ्या बँकेनं तिचे पैसे घेतले ते घेतले, वर तिलाच शरमिंदं केलं. त्या क्षणी तू समोर असतीस तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

त्या आता आपल्याकडे राहतात, तुझ्या खोलीत. तुझी पुस्तकं आईनं कपाटावर ठेवली आहेत.

क्रम कुणी बदलला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. अजून तरी नाही.

बाबा


२ मे, शुक्रवार

मुलीस,

सदतीस पासबुकं घेऊन आम्ही ग्राहकांच्या तक्रार आयोगाकडे अर्ज केला. बँकेचं उत्तर आलंय. दोन पानी. त्यात लिहिलंय की वळते करण्याचा क्रम संगणक प्रणाली आपोआप ठरवते, त्यात दंड वाढवण्याचा कोणताही हेतू नव्हता. सुनावणी पंधरा तारखेला, सकाळी अकराला.

आमचा युनियनचा माणूस म्हणतो, सगळं हेतूवर अडलंय. मुद्दाम केलं हे कुणीतरी सांगायला हवं. मी म्हटलं, मी सांगेन. तो म्हणाला, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, ते तिथंच सांगेन.

तर मी सांगणार आहे. माझ्या मुलीनं हे केलं, माझ्या घरात जेवताना तिनं मला ते सांगितलं, तिला त्यासाठी बढती मिळाली. असंच, याच शब्दांत. तुझं नाव कागदावर येईल. नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. मावशींनाही चार दिवसांपूर्वी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी तुझ्या खोलीतला पलंग आवरला आणि अंथरूण बाहेर सोफ्यावर आणून ठेवलं. आईनं कितीही सांगितलं तरी आता तिथंच झोपतात.

हे पत्र परवानगी मागायला नाही. मागून वार केला असं तू म्हणू नयेस, म्हणून आधी कळवतोय.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला होता म्हणे आईला. तू रडत होतीस असं ती म्हणाली. रड. इथं एक साठीची बाई रडत नाही, भांडी घासून देते आणि आमच्यावर ओझं नको म्हणून एक वेळ जेवत नाही. तिच्याआधी तुझं रडणं मला ऐकू येत नाही.

बाबा


२१ मे, बुधवार

ठमे,

सहा दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस. आईचाही नाही. जावई म्हणाला, ती बरी आहे, झोपून असते. म्हणून हे.

तू सुनावणीला असशील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत शिरलो तर समोरच्या बाजूला बँकेच्या वकिलाशेजारी तू. करड्या रंगाची साडी, पुढ्यात फाइल. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मावशींकडे बघितलंस, लगेच मान खाली घातलीस. मला वाटलं, बरं झालं, समोरच आहे. आता सांगताना जड जाणार नाही.

वकील अर्धा तास बोलला. प्रणाली, आपोआप, ग्राहकाचं हित. अध्यक्षबाईंना सर्दी झाली होती, त्या रुमाल नाकाला लावून सगळं लिहून घेत होत्या. मग त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, क्रम मुद्दाम बदलला असं तुम्ही म्हणता, तुम्हाला ते कसं माहीत?

मी तयारी करून आलो होतो. बस चालवताना मनात शंभर वेळा म्हटलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, एका ओळखीच्यानं सांगितलं.

वकील हसला. नाव सांगा म्हणाला. मी गप्प. अध्यक्षबाई म्हणाल्या, नाव नसेल तर हे धरता येणार नाही. मी तरी गप्प. मावशी माझ्या बाहीला धरून ओढत होत्या. सदतीस पासबुकांचा गठ्ठा माझ्या हाताखाली होता. तुला पत्रांतून एवढं सुनावणारा बाप मी, आणि तुझ्याकडे बघून मला तुझं नाव घेता आलं नाही. तेव्हापासून मला स्वतःचा जितका राग येतोय तितका तुझाही आला नव्हता. माझ्या त्या गप्प बसण्यानं मावशींचं भाडं जात होतं, आणि मी ते जाऊ देत होतो.

मग तू उठलीस. "मी सांगितलं. हे माझे वडील आहेत. घरी जेवताना सांगितलं होतं."

वकिलानं तुला खाली बसायला सांगितलं. अध्यक्षबाईंनी त्याला बसायला सांगितलं. आणि तू बोललीस. शाळेत पाढे म्हणायचीस तशी, सरळ, एका आवाजात. दोन तक्ते केले होते. एकात लहान आकडा आधी, एकात मोठा. मोठा आधी घेतला तर दहातले सहा दंड नव्यानं तयार होतात, हे त्या तक्त्याच्या खालीच लिहिलेलं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, निवड कुणी केली? वकिलानं घाईनं म्हटलं की निर्णय वरिष्ठांचा असतो. त्यानं तुला वाट करून दिली होती, ठमे. तू ती घेतली नाहीस. म्हणालीस, "दुसऱ्या तक्त्यावर शिफारस म्हणून सही माझी आहे. मला कुणी भाग पाडलं नाही."

अध्यक्षबाईंनी रुमाल बाजूला ठेवला आणि ते वाक्य शब्दन् शब्द लिहून घेतलं.

निकाल तुला माहीत असेल, तरी लिहितो. सदतीस जणांचे क्रमामुळे वाढलेले सगळे दंड तीन वर्षांपासूनचे परत. मावशींना चेक परत गेल्याचा दंडही परत, आणि वर भरपाई. बाकीच्या लाखो खातेदारांचं प्रकरण वर पाठवलंय, ते किती वर्षं चालेल देव जाणे. युनियनचा माणूस पेढे वाटायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, माझ्यासमोर काही गोड आणू नकोस.

तू जिन्यानं निघून गेलीस. मी मागून आलो, पण गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. खाली आलो तेव्हा तुझी टॅक्सी वळत होती. मी हात केला. तू बघितलं असशील किंवा नसशील.

जावयानं सांगितलं की दुसऱ्या दिवशी गेटवरच तुझं ओळखपत्र काढून घेतलं आणि टेबलावरचं सामान खोक्यात भरून बाहेर आणून दिलं. त्या साहेबाची खुर्ची जिथल्या तिथं आहे म्हणे. हे ऐकल्यापासून मला पुन्हा तळपायाची आग मस्तकात जाते. तीन वर्षांपूर्वी टेबलाशी चालत आला होता ना तो? आता गेटपर्यंत आला नाही?

मावशींनी परवा खोली घेतली. डेपोच्या मागच्या गल्लीत, तळमजला. आगाऊ भाडं भरलं आणि पावती मला आणून दाखवली. मी तुझा विषय काढला. त्या म्हणाल्या, "मुलगी खरं बोलली. पण उशिरा बोलली." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिला जेवण जात नसेल." दोन्ही खरं आहे.

तुझी आई शेजारी बसली आहे. म्हणते, लिहा की राग गेला. मी खोटं लिहिणार नाही. तुझ्या तक्त्याखाली दहातले सहा लिहिलेलं होतं, ते तू वाचलंस आणि सही केलीस, आणि तीन वर्षं पगार घेतलास, याचा राग आहे. तुझं नाव माझ्या तोंडून यायच्या आत तू उठलीस आणि मला माझ्याच डोळ्यांत लहान केलंस, याचाही आहे. आणि सगळं बोलून झाल्यावर बापाला न भेटता निघून गेलीस, याचा सगळ्यात जास्त आहे. हे पत्रात संपत नाही. सहा पत्रं लिहून बघितलं.

तुझी खोली रिकामी आहे. आईनं पुस्तकं खाली काढली. जावयालाही आण, त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, त्यातला एक माफीचा आहे.

रविवारी मला सुट्टी आहे. ये. दार मी उघडीन. हसून उघडीन असं मात्र समजू नकोस.

बाबा